आराम पडला म्हणजे बरं झालं नव्हे

कसबा बावड्यातल्या आमच्या घरी मोरीच्या फळीवर एक ट्यूब कायम असायची. भाईजान शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. भट्टीसमोर दिवसभर घामानं भिजलेली जीन्स, त्यातून जांघेत गजकर्ण. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की घरातले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि टॉवेल सगळ्यांना एकच. ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज बंद. मग अम्मीनं ती गालावरच्या वांगाला लावली. चेहरा उजळला. मग मी लावली. मला बघायला पाहुणे येणार होते आणि खाला उठता-बसता म्हणायच्या, "पोरगी हुशार आहे, फक्त रंग जरा..."

मी ती आठ महिने लावली. एक दिवस जरी चुकला तरी चेहरा लालबुंद व्हायचा, उन्हात आग व्हायची. गालावर बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबमागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?"

कुणीच नाही. भाईजाननं ती मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणली होती.

त्यात क्लोबेटासोल होतं, सगळ्यांत जहाल स्टिरॉइड मलमांपैकी एक. जोडीला बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. बुरशीशी लढणाऱ्या आपल्या शरीराला ते गप्प बसवतं. लाली जाते, खाज थांबते, आणि गजकर्ण निवांत पसरत राहतं. म्हणूनच डॉक्टर असं मलम लिहून देतात तेव्हा साधारण दोन आठवड्यांच्या वर चालू ठेवत नाहीत, चेहरा आणि जांघ तर टाळतातच. आमच्या घरात ते नेमकं त्याच दोन जागी लागत होतं.

ही फक्त आमच्या मोरीतली गोष्ट नाही. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं हेच ओरडून सांगताहेत. पूर्वी काही आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता महिनोन्‌महिने हटत नाही, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत ही मिश्र मलमं आहेत. 2020 साली संशोधकांनी गजकर्णाच्या एका नव्या बुरशीची नोंद केली. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. तिचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. नावातच आपला देश. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते.

कायदा नाही असंही नाही. मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. पण कायदा दिल्लीत आणि काउंटर आपल्या गल्लीत. काउंटरवर चिठ्ठी कुणी मागत नाही, आणि मागितली तर आपणच चिडतो.

अब्बांचंही तेच झालं. पोती उचलून त्यांची कंबर गेली. रोज डायक्लोफेनॅकच्या दोन गोळ्या, वर बीपीची गोळी. हेच औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2006 मध्ये ते जनावरांसाठी बंद करण्यात आलं. माणूस गिधाड नाही. त्याला चार दिवस ठरलेला डोस सहसा चालतो. पण बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर वर्षानुवर्षं रोज घेतलेली गोळी पोट आणि मूत्रपिंड दोन्ही पोखरू शकते. रमजानमध्ये सहेरीला गोळी घेऊन दिवसभर पाण्याविना राबणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधी विचारायलाच हवं.

"डॉक्टरची फी परवडत नाही," हे उत्तर मला माहीत आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आपल्या लाईन बाजारात सेवा रुग्णालय आहे. खरी अडचण खाड्याची आहे, आणि शरमेची. जांघेतलं दाखवायची शरम, काळ्या रंगाची शरम. मेडिकलवाल्याचा धंदा या शरमेवर चालतो. "रंग जरा..." म्हणणारी प्रत्येक खाला त्याची फुकटची जाहिरात करते.

मी घरगुती उपायांच्या विरोधात नाही. आखडलेल्या कमरेला गरम पाण्याची पिशवी, हलकी मालिश, थोडं चालणं. कोरड्या त्वचेला खोबरेल. गजकर्णाला स्वतंत्र टॉवेल, सैल सुती कपडे, गरम पाण्यात धुणं, शिवणीवरून इस्त्री. हे सगळं खुशाल करा. पण हळदीनं गजकर्ण जात नाही, आणि लसूण-लिंबानं कातडी भाजते. गजकर्णाला बुरशीचं औषधच लागतं, तेही डाग गेल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, आणि घरात ज्याला-ज्याला झालंय त्या सगळ्यांना. सांधेदुखीची बिननावाची पुडी तर घेऊच नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. आधीच घेत असाल तर एकदम तोडू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

माझा चेहरा अजून पूर्ण सावरलेला नाही. पाहुणे येऊन गेले, नकार कळवला. त्याचं मला आता काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की घरात तिघं शिकलेले असून त्या ट्यूबवरचं नाव आम्ही एकदाही वाचलं नाही.

आज घरी गेलात की मोरीची फळी बघा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसेल, तर ती ट्यूब दुसऱ्या कुणालाही लावू देऊ नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर ती खिशात घाला आणि दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. एक खाडा पडेल, पडू द्या.