रविवारी रात्री बारापर्यंत

अबुधाबीतल्या समस्त मराठी मंडळींना मंडळातर्फे हे शेवटचं सांगणं. बुरखा, अबाया, दाढी-टोपीची टिंगल करणारे व्हिडिओ आणि ‘गंमत म्हणून’ पुढे पाठवलेले विनोद येत्या रविवारी रात्री बारापर्यंत काढून टाका. मूळ कोणी बनवलं याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही. पुढे पाठवणाराही अडकतो.

धर्माच्या अवमानाविरुद्ध इथे २०१५ सालीच स्वतंत्र कायदा झाला, २०२३ मध्ये तो नव्याने आला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचाव चालणार नाही, हे २०१५ च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं. २०२१ च्या सायबर कायद्याखाली तुरुंग, अडीच लाख ते दहा लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. एप्रिल २०२० विसरलात का? मुस्लिमांविरुद्ध लिहिणाऱ्या अनेक भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या, आणि आपले तेव्हाचे राजदूत पवन कपूर यांनी त्यांची बाजू घेतली नाही. इथल्या भारतीयांनी भेदभावापासून दूर राहावं, असं जाहीर बजावलं.

आता मुंबईतल्या वादाबद्दल. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयातल्या हिजाबबंदीवर मुली कोर्टात गेल्या, उच्च न्यायालयात हरल्या, आणि ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब-टोपीपुरती स्थगिती दिली. तिकडे त्यावर हवं तेवढं भांडा. इथे बसून त्याच भांडणाचे मीम पाठवू नका.

इथला धर्म-अवमानाचा कायदा आम्हालाही जाचक वाटतो. चिकित्सा कुठे संपते आणि टवाळी कुठे सुरू होते, हे ठरवणं फिर्यादीच्या हातात जातं. समाजसुधारक आगरकरांच्या मुलखातल्या माणसाला ते टोचणारच. पण अबू मुरैखातल्या हिंदू मंदिराला २७ एकर जमीन देणारं राज्यही हेच, आणि त्या मंदिराची विटंबना करणाराही याच कायद्यात सापडतो. त्या मंदिरात अंगभर कपडे घालून मुकाट जाता, मग शेख झायेद मशिदीच्या दारात अबाया घालायला लावला की फोटोखाली खवचट ओळी कशाला?

सोमवारपासून ज्याच्या नावावर असं काही दिसेल त्याचं सदस्यत्व रद्द. कार्यकारिणीतला असला तरी. गणपतीत त्याला स्टेज नाही, त्याच्या वकिलासाठी वर्गणी नाही, ‘आपला माणूस आहे हो’ म्हणत कंपनीत रदबदली नाही. घरातल्या पोरांचे फोनही तपासा. काही शंका असेल तर रविवारच्या आत विचारा.