सेकंड हँड इम्पोर्टेड स्पोर्ट्स कार घेताय? बॉनेटच्या आधी फाइल उघडा

जुलै २०२५मध्ये बेंगळुरूत परिवहन विभागाने एक लाल फेरारी अडवली. एसएफ९० स्ट्रॅडाले, नंबरप्लेट महाराष्ट्राची. गाडी कर्नाटकात फिरत होती, पण तिथला रस्ते कर भरलेला नव्हता. कर भरा, नाहीतर गाडी जप्त, असं मालकाला सांगण्यात आलं. मालकाने सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये भरले आणि गाडी सोडवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच शहरात परराज्यातल्या नंबरच्या तीसेक आलिशान गाड्यांवर अशीच कारवाई झाली होती.

बातमी व्हायरल झाली ती रकमेमुळे. पण त्यातला खरा प्रश्न पुढचा आहे. अशा गाड्या दोन-तीन वर्षांत विकल्या जातात. ‘सिंगल ओनर, ६ हजार किलोमीटर, शोरूम कंडिशन’ अशी रील येते आणि गाडीसोबत तिची न मिटलेली देणीही नव्या मालकाकडे येतात. हा प्रश्न फक्त फेरारीवाल्यांचा नाही. दहा वर्षं जुनी ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेड४ आज नव्या इनोव्हाच्या पैशांत मिळू शकते, त्यामुळे नोकरी करणारे हौशी लोकही या बाजारात आले आहेत. त्यातले बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात, फाइल मात्र शेवटी बघतात. क्रम उलटा हवा.

नंबर महाराष्ट्राचाच का असतो?

याचं उत्तर करात आहे. महाराष्ट्रात आयात गाडीवर एकरकमी कर २० टक्के आहे. ऐकायला जास्त वाटतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे. आधी ती २० लाख रुपये होती, १ जुलै २०२५पासून ३० लाख झाली. कर्नाटकात महागड्या गाड्यांवर साधारण १८ टक्के कर, वर उपकर, आणि अशी मर्यादा नाही. सात कोटींच्या गाडीवर नुसते १८ टक्के धरले तरी सव्वा कोटी होतात. मुंबईत नोंदणी केली की तीच गाडी २०-३० लाखांत सुटते. पुद्दुचेरीचे नंबर देशभर दिसतात, त्यामागेही कमी कराचंच गणित आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार गाडीची नोंदणी मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे व्हायला हवी. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणून पुण्यातल्या माणसाने पुद्दुचेरीची गाडी ‘नंबर तोच ठेवा, काही होत नाही’ या भरवशावर घेणं म्हणजे कराची टांगती तलवार विकत घेणं. परराज्यातली गाडी घ्यायचीच असेल, तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेचा फॉर्म ३५ हे सगळं व्यवहाराआधी हातात हवं. इथे भरायचा कर किती, हे आपल्या आरटीओत विचारून किमतीत धरायचं. आधीच्या राज्यातून परतावा मिळेल, हे गृहीत धरू नये.

आणखी एक गोष्ट. महागड्या गाड्या अनेकदा कंपनीच्या किंवा एलएलपीच्या नावावर असतात. ‘गाडी माझीच आहे’ म्हणणाऱ्या माणसाचं नाव आरसीवर नसेल, तर कंपनीचा विक्रीचा ठराव आणि सही करणाऱ्याचा अधिकार बघावा लागतो. गाडीवर कर्ज आहे का, हे वाहन पोर्टलवर दिसतं. ते बघायला पाच मिनिटं लागतात, तरी लोक विसरतात.

गाडी देशात आली कशी?

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. मे २०२५मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने हैदराबादमधल्या एका आलिशान गाड्यांच्या विक्रेत्याला अटक केली. आरोप असा, की अमेरिका आणि जपानमधल्या गाड्या आधी दुबई किंवा श्रीलंकेत नेल्या जात, तिथे डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे बसवलं जाई, आणि मग खोटी कागदपत्रं आणि निम्म्यावर आणलेली किंमत दाखवून त्या भारतात आणल्या जात. चुकवलेलं शुल्क १०० कोटींच्या घरात असल्याचं यंत्रणेचं म्हणणं आहे. सप्टेंबर २०२५मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवलं. भूतानमधून जुन्या गाड्या चोरून आणून बनावट कागदांवर इथे नोंदवल्याचा तो संशय होता. त्यात बहुतेक एसयूव्ही होत्या, पण धडा तोच. छापे पडले ते गाडी आणणाऱ्यांवरच नाही, तर ती पुढे विकत घेणाऱ्यांच्या घरांवरही, आणि त्यात मल्याळम चित्रपटांतले नट होते.

एवढा खटाटोप कशासाठी? चाळीस हजार डॉलरवरच्या नव्या आयात गाडीवर सीमाशुल्काचा भार ११० टक्के आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १०० वरून ७० टक्क्यांवर आणलं, तेव्हा ‘गाड्या स्वस्त’ असे मथळे आले. पण त्यासोबत ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला आणि बेरीज होती तिथेच राहिली. शुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर किंमत कमी दाखवण्याचा मोह कुठून येतो ते सांगायला नको.

परदेशातून जुनी गाडी आणायला बंदी नाही, पण अटी कडक आहेत. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या रहदारीसाठीचे हवेत, आणि ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. हे माहीत असलं की कागद बोलू लागतात. उत्पादन २०१४ चं, आयात २०१९ ची आणि गाडी ‘वापरलेली’ म्हणून आलेली, तर तिथेच थांबायचं. मूळ बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याचं चलन मागायचं. झेरॉक्सवर भागवायचं नाही. त्यावरचा १७ अक्षरी चॅसी नंबर काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि आरसीवर तोच आहे का, हे स्वतः वाचून बघायचं.

स्टिअरिंग बदललेली गाडी ओळखायला एक सोपी युक्ती आहे: ते मॉडेल कंपनीने कधी उजव्या स्टिअरिंगचं बनवलं होतं का? डॉज चॅलेंजर कारखान्यातून तशी कधीच आली नाही. शेवरले कॉर्व्हेट तशी आली ती थेट सी८ या पिढीपासून. त्याआधीची ‘ओरिजिनल राइट हँड’ कॉर्व्हेट कुणी दाखवत असेल, तर ती कुठेतरी कापून जोडलेली आहे. वायपर चुकीच्या बाजूला झुकतात का, डॅशबोर्डच्या फटी सारख्या आहेत का, हेही बघावं.

पण गाडी चोरीची निघाली तर शुल्क कुणी भरायचं? कोचीतल्या एका पोर्शे कॅरेराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. नंतर गाडी विकत घेणारा हा ‘आयातदार’ नाही, म्हणून त्याच्याकडून सीमाशुल्काची मागणी करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. खरेदीदारांना हा मोठा दिलासा आहे. मात्र तो शुल्काच्या मागणीपुरता. बेकायदा आलेली वस्तू जप्त करण्याचा अधिकार कायद्यात आहेच. कोर्टात जिंकेपर्यंत गाडी अंगणात उभी राहील की सरकारी गोदामात, याची हमी कुणी देत नाही.

आता इंजिन

कागद पटले, की गाडी त्याच ब्रँडच्या वर्कशॉपमध्ये न्यायची. विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नाही. विक्रेता याला तयार नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मीटर मागे फिरवता येतो, पण अनेक आधुनिक गाड्यांच्या संगणकात इंजिन किती तास चाललं याचीही नोंद असते. किलोमीटर भागिले तास, की सरासरी वेग मिळतो. १८ हजार किलोमीटर आणि ९०० तास म्हणजे ताशी २०, मुंबईच्या रहदारीत पटण्यासारखं. १२ हजार किलोमीटर आणि १,५०० तास म्हणजे ताशी ८. एवढ्या हळू तर गणपतीची मिरवणूक जाते. पोर्शेमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा पिळलं गेलं, याचा ‘ओव्हर-रेव्ह’ अहवालही काढता येतो. २००८पर्यंतच्या बॉक्स्टर आणि ९११ घेताना आयएमएस बेअरिंग बदललंय का, हे विचारावंच. ते तुटलं तर इंजिनच जातं.

किलोमीटर कमी असले की गाडी चांगली, हा समज या गाड्यांना लागू नाही. वर्षभर झाकून ठेवलेल्या गाडीचे रबरी सील सुकतात, बॅटरी जाते, टायर कडक होतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ‘१८१९’ म्हणजे २०१९चा अठरावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी असा टायर बदलायचाच. गाडी लिफ्टवर चढवून खालचा भाग बघायचा, कारण आपले स्पीडब्रेकर या गाड्यांना कधीच माफ करत नाहीत. सीटखालच्या रुळांवर गंज किंवा पूर्ण ओढलेल्या सीटबेल्टवर चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची झीज मोजून घ्यावी. त्यांची किंमत ऐकून व्यवहार मोडल्याची उदाहरणं आहेत. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते जुन्या गाडीला चालतं का, हे टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघावं.

किंमत कशी ठरवायची?

विक्रेते अजून जुन्या हिशेबाने भाव सांगतात: ‘नवी घ्यायला गेलात तर एवढे कोटी, मी निम्म्यात देतोय.’ पण नव्या गाडीचा भावच हलतो आहे. सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह ५० टक्क्यांच्या आसपास होता, तो सरसकट ४० झाला. ब्रिटनसोबत जुलै २०२५मध्ये झालेल्या करारानुसार तिथल्या गाड्यांवरचं शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. जानेवारी २०२६मध्ये युरोपीय संघासोबतच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, त्यातही गाड्यांसाठी अशीच रचना आहे. अ‍ॅस्टन मार्टिन आणि मॅक्लारेन पहिल्या करारात येतात, फेरारी आणि पोर्शे दुसऱ्यात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या ऑन-रोड किमतीवरून आजचा भाव काढणाऱ्या विक्रेत्याला नव्या गाडीचं आजचं कोटेशन दाखवायला सांगावं, आणि मग घासाघीस सुरू करावी.