विश्लेषण : सरकारसाठी ठेवलेल्या दारातून हेर का शिरतात?

गुन्हेगारांचे संभाषण पोलिसांना ऐकता यावे, ही मागणी वाजवी आहे. पण त्यासाठी दूरसंचार जाळ्यात कायमची ठेवलेली वाट फक्त पोलिसांनाच सापडेल, याची हमी कोण देणार? ‘५जी’ रुजत असताना आणि ‘६जी’ची आखणी सुरू असताना भारतालाही हा प्रश्न टाळता येणार नाही.

अमेरिकेत काय घडले?

अमेरिकेत १९९४ च्या ‘कॅलिया’ कायद्याने दूरध्वनी कंपन्यांवर एक बंधन आले. न्यायालयाने आदेश दिल्यास संभाषण ऐकता येईल, अशी सोय त्यांना जाळ्यातच ठेवावी लागली. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ नावाने ओळखली जाणारी हेरगिरी उघड झाली. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार, चीनशी संबंधित हॅकर देशातील किमान नऊ दूरसंचार कंपन्यांत शिरले होते. न्यायालयाच्या आदेशाने चालणाऱ्या टॅपिंगची माहितीही त्यांच्या हाती लागली. चीनने हे आरोप फेटाळले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ज्येष्ठ अधिकारी आणि नेत्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलीच अ‍ॅप वापरण्याचा सल्ला दिला. ज्या एन्क्रिप्शनला तपास यंत्रणा वर्षानुवर्षे अडथळा म्हणत आल्या, त्याचाच आधार शेवटी घ्यावा लागला.

असे आधीही झाले होते?

हो, ग्रीसमध्ये. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या सुमारास तिथल्या मोबाइल जाळ्यातील टॅपिंगची सोय अज्ञातांनी गुपचूप वापरली. तत्कालीन पंतप्रधान कोस्टास कारामानलिस यांच्यासह शंभरहून अधिक जणांचे फोन ऐकले जात होते. २००६ मध्ये ग्रीक सरकारने ते जाहीर केले. दोन्ही घटनांचा धडा एकच. कुलूप कोणाच्या किल्लीने उघडले, हे यंत्राला कळते; पण ती किल्ली कोणाच्या हातात आहे, हे कळत नाही.

पुढे धोका वाढणार का?

पूर्वी फोन ऐकायचा तर एक्स्चेंजमध्ये तार जोडावी लागे. ‘५जी’चा गाभा मात्र मुख्यतः सॉफ्टवेअरचा आहे. तो सर्व्हरवर चालतो आणि त्याची देखभाल दूरवरूनही होते. टॅपिंगची सोयही त्यात सॉफ्टवेअरच. त्यामुळे शिरकाव करण्यासाठी इमारतीत पाऊल टाकण्याची गरज उरत नाही, आणि एकदा शिरकाव झाला की एका वेळी असंख्य ग्राहकांची माहिती उघडी पडू शकते.

भारतात काय स्थिती आहे?

दूरसंचार कायदा, २०२३ नुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी सरकार संदेश अडवू शकते आणि ते वाचता येतील अशा स्वरूपात मागू शकते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या मेसेजिंग सेवांना संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले. त्याला ‘व्हॉट्सअ‍ॅप’ने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एन्क्रिप्शन मोडायला लावले तर भारतातून बाहेर पडावे लागेल, असे कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे.

मग पोलिसांनी काय करायचे?

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली आयुष्याची पुंजी गमावलेल्या ज्येष्ठांना ‘एन्क्रिप्शन पवित्र आहे’ एवढे सांगून भागणार नाही. पण अशा गुन्ह्यांचा माग बहुतेकदा संदेशातील मजकुराविनाही काढता येतो. पैसे कोणत्या खात्यात गेले, सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे, फोन कोणत्या टॉवरवर होता आणि जप्त केलेल्या फोनमध्ये काय आहे, यातून बरेच हाती लागते. खोट्या नावांवरची सिमकार्डे आणि भाड्याने दिलेली बँक खाती रोखली, तर चोरांची अधिक कोंडी होईल.

म्हणून सरकारने एन्क्रिप्शनला हात लावू नये. टॅपिंगच्या ज्या सोयी आज आहेत, त्यांच्या प्रत्येक वापराची पुसता न येणारी नोंद ठेवावी आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून तिची नियमित तपासणी करून घ्यावी. आज ज्या फोनवर घरखर्चाचे हिशेब आणि आजारपणाचे अहवाल जातात, त्यावरच उद्या मंत्री आणि लष्करी अधिकारीही बोलणार आहेत. सामान्यांच्या घराला ठेवलेले मागचे दार त्यांच्याही घरात उघडते.