मोटर थांबली, हात आहेत ना!

माझं एक ठाम मत आहे आणि दुर्बीणवाल्या मित्रांना ते जुनाट वाटणार, याची कल्पना आहे. फोकसरला मोटर जरूर लावावी. पण ती सोडवून नॉब हाताने कसा फिरवायचा हे ज्याला अंधारात जमत नाही, त्याने ती लावू नये.

घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आयपीस किंवा कॅमेरा पुढेमागे सरकवून चित्र स्पष्ट करणारा भाग म्हणजे फोकसर. आणि मोटर म्हणजे नुसते चोचले नव्हेत हं! दोनशेपट मोठा केलेला गुरू बघताना नॉबला बोट लागलं तरी तो थरथरायला लागतो. शिवाय रात्र गार होते तशी दुर्बिणीची नळी आखडते. एक मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी १० अंशांनी थंड झाली की सुमारे ०.२३ मिलिमीटरने आखूड होते, आणि एफ/५ दुर्बिणीत नेमक्या फोकसची जागा ०.१ मिलिमीटरहूनही कमी! फोटो काढणाऱ्याला रात्रीतून पुन्हा पुन्हा फोकस करावा लागतो, तो यामुळे.

आणि एखाद्या रात्री बटण दाबलं तरी काहीच हलत नाही. मग आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. लिफ्टचं दाबतो तसं बटण आणखी जोरात दाबतो, नाहीतर 'मोटर गेली' म्हणून जाहीर करून टाकतो. पहिल्या उपायाने अडकलेली मोटर तापते, गिअरचे दात झिजतात. दुसऱ्याने नव्या मोटरचे पैसे जातात, आणि बरेचदा जुनी बिचारी निर्दोष असते.

त्यापेक्षा बटण सोडा, मग एकदाच हलकेच दाबा आणि कान द्या. आवाजच नाही? मग बहुधा वीज पोचत नाहीये. थंडीत सेलनी मान टाकली असेल, किंवा वायर प्लगपाशी आतून तुटली असेल. मोटर गरगरतेय पण नळी ढिम्म? मोटर आणि दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा चिमुकला स्क्रू सैल झालाय का बघा. अ‍ॅलन कीचा एक पीळ पुरतो. नुसतीच गुरगुरतेय? लॉकचा स्क्रू घट्ट राहिलाय, नळी टोकाला पोचलीय किंवा ग्रीस थिजलंय. स्टेपर मोटरची एखादी तार तुटली तरी ती अशीच जागच्या जागी थरथरते. मग कपलिंग सैल करून नॉब हाताने फिरवायचा. नळी अलगद सरकली तर दोष मोटरकडे किंवा तारांकडे. अडली तर मोटरला बोल लावू नका.

क्रेफर्ड फोकसरला तर दातच नसतात, दांडा नळीला नुसत्या घर्षणाने धरतो. जड कॅमेरा लावून दुर्बीण डोक्यावर रोखली की तो घसरतो. पकडीचा स्क्रू थोडा आवळला की झालं. इंग्लंडमधल्या जॉन वॉल या हौशी माणसाने तो शोधला आणि पेटंट न घेता सगळ्यांना देऊन टाकला. इतकी उघडी, समजणारी वस्तू आपण बंद डब्याच्या स्वाधीन करतो आणि डबा रुसला की हात बांधून बसतो, हे मला खटकतं.

कारण आपल्याकडे रात्री मोजक्याच. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद. उरलेल्यांतले अमावास्येच्या आसपासचे शनिवार बोटांवर मोजावेत, त्यातही ढग. एवढं ओझं लोकलने वांगणीला वाहून न्यायचं आणि एका स्क्रूपायी रात्र घालवायची?

जेम्स वेब दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर आहे. २०२२ मध्ये तिचे आरसे जुळवताना १३२ छोट्या मोटरींवरच भिस्त होती, कारण तिथे स्क्रू पिळायला कोण जाणार? आपली दुर्बीण हातभर अंतरावर असते. तेव्हा पुढच्या रविवारी, भर दुपारी, एकदा कपलिंग सोडवून बघाच. नंतर पटलं नाही तर भांडायला मी आहेच!