ऐरणीवाचून काय अडते?

घरच्या घरी सुरी करायची म्हटले की जाणकार आधी यादी हातात ठेवतात. बेल्ट ग्राइंडर, गॅसची भट्टी, भली थोरली ऐरण, तापमान दाखवणारी विजेची भट्टी. हिशेब लाखाकडे सरकला की ऐकणारा हात जोडतो. ही यादी खोटी नाही, पण ती धंदेवाल्याची आहे. रोज पाती काढून विकायची असतील तर बेल्ट ग्राइंडर हवाच. ज्याला आयुष्यातली पहिली सुरी करायची आहे त्याच्यापुढे ती ठेवणे म्हणजे त्याला सरळ परत पाठवणे.

रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेले घिसाड्याचे कुटुंब बघा. जमिनीत खड्डा, हाताने फिरवायचा पंखा, ऐरणीच्या जागी लोखंडाचा ठोकळा. नवरा सांडशीत तापले लोखंड धरतो, बायको घण घालते आणि ट्रकच्या जुन्या पाट्यातून विळा, खुरपे, कुऱ्हाड निघते. अमेरिकेत वेन गोडार्ड या कारागिराने तर पन्नास डॉलरांत सुऱ्यांचा कारखाना कसा मांडावा यावर पुस्तकच लिहिले. तिथल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या पहिल्या परीक्षेत उमेदवाराच्या सुरीने टांगता दोर एका घावात तोडायचा, लाकडी फळी दोनदा छाटायची, एवढे झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी पाते व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवले तरी ते मोडता कामा नये. भट्टी केवढ्याची, हे परीक्षक विचारत नाहीत.

यावर उत्तर तयार असते : घिसाड्याच्या हातात पिढ्यांचे कसब आहे, तुमच्या हातात काय आहे? प्रश्न रास्त आहे. घण चालवायला वर्षे लागतात. पण सुरी ठोकूनच झाली पाहिजे असे कुठे आहे? सपाट पट्टीवर आकार आखावा, हॅक्सॉने कापावा, नको ते कानशीने घासून काढावे. बॉब लव्हलेस या नामांकित अमेरिकन सुरीकाराने ठोकण्याऐवजी घासून पाते काढण्याची हीच रीत लोकप्रिय केली. त्याच्याकडे यंत्रे होती, आपल्याकडे कानस. कानशीने काम सावकाश होते, आणि नवशिक्याला तेच सोयीचे, कारण चूकही सावकाश होते. हॅक्सॉ, दोन कानशी, दोन सी-क्लॅम्प, पॉलिश पेपर आणि शेजाऱ्याचे ड्रिल मशीन. एवढ्यावर भागते.

आता दुसरे टोक. काटकसरीच्या नावाखाली काही उत्साही लोक सांगतात, भंगारातले कुठलेही लोखंड चालते. माझ्या मते हा सल्ला पहिल्यापेक्षा घातक, कारण तो माणसाला कामाला लावून मग तोंडघशी पाडतो. हार्डवेअरच्या दुकानातली माइल्ड स्टीलची पट्टी किंवा बांधकामाची सळई घेतली तर कितीही तापवून बुडवली तरी ती सुरीजोगी कडक होत नाही. तिच्यात कार्बनच पुरेसा नसतो. भांड्यांच्या ३०४ स्टीलचीही तीच गत. आणि गॅल्व्हनाइज्ड तुकडा भट्टीत घातला तर जस्ताचा धूर छातीत जातो आणि ताप भरतो. म्हणून पैसे वाचवायचे ते हत्यारांवर. पोलाद मात्र ओळखीचेच घ्यावे. पाटे बनवणाऱ्याकडे ईएन ४५ चे कोरे कटपीस मिळतात. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, म्हणजे नवशिक्याला पेलेल इतका. गॅरेजमधला जुना पाटाही चालेल, पण लाखो धक्के खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. शिवाय तो आधीच कडक असतो. लालबुंद करून राखेत रात्रभर निवू दिल्याशिवाय कानस त्याला नीट लागत नाही.

खरी कसोटी पाणी देण्याची, आणि नेमकी तीच स्वस्तात होते. विटांच्या आडोशाला कोळसा पेटवून हेअर ड्रायरने वारा घालावा. पाते संध्याकाळच्या अंधुक उजेडात तापवावे, म्हणजे रंग कळतो. जुन्या स्पीकरचे चुंबक जवळ ठेवावे. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते; त्याच्या किंचित पुढे नेऊन पाते कोमट शेंगदाणा तेलात सरळ, टोकाकडून बुडवावे. डबा लोखंडी हवा आणि झाकण हाताशी हवे, कारण तेल पेट घेते. गाडीचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून वापरू नये. त्याचा धूर विषारी. धारेची कड या वेळी मिलिमीटरभर जाड ठेवलेली असावी, नाहीतर पाते वाकते किंवा तडकते. त्यानंतर पात्यावरून कानस नुसती घसरली तर काम झाले. असे पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून लगेच घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासतासभर दोनदा ठेवायचे. घासून चकचकीत केलेल्या भागावर गव्हाच्या काडाचा फिका पिवळा रंग चढतो. निळा दिसला तर उष्णता जास्त झाली, धार मऊ पडली.

बाजारात स्वस्तात सुरी मिळते, मग ही खटपट कशाला, असे विचारणाऱ्याशी वाद नाही. त्याने विकत घ्यावी. कायद्याची भीती घालणाऱ्याला मात्र सांगावे की शस्त्र कायद्याच्या नियमांतली नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेल्या पात्यांना लागू नाही. भाजी चिरायची सुरी करावी. खंजिराचा नाद नको.

उरला तो कंजूष. पहिले पाते मोडायला सांगितले की तो कळवळतो. पण पोलादाच्या वीतभर कटपीसला असे कितीसे पडतात? पाणी दिलेले पाते फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून व्हाइसमध्ये मोडावे आणि तुटलेली कड बघावी. ती करडी, मऊसर, मखमली दिसली तर पुढचे पाते त्याच रंगावर बुडवा. साखरेच्या दाण्यांसारखी चमकली तर तापवणे अति झाले होते. दुसऱ्या खेपेस चुंबक सुटताच हात थांबवा.