विलंब कोणाचा, शिक्षा कोणाला?

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्यातले. बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या या संताच्या जिल्ह्यात यात्रेच्या निमित्ताने आजही कुस्त्यांचा फड भरतो आणि जिंकलेल्या मल्लाला फेटा बांधताना गावकरी हात आखडता घेत नाहीत. गुण दिसला की गौरव तेथल्या तेथे, हा फडाचा न्याय आहे. दिल्लीचा न्याय मात्र निराळा दिसतो. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव २०२५ सालच्या यादीपर्यंत पद्म पुरस्काराला पारखेच राहिले.

या प्रश्नाचा विचार भावनेच्या भरात न करता गुणवत्तेच्या कसोटीवरच केला पाहिजे. कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनमध्ये सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाने मग गादीवरील कुस्तीचा अभ्यास केला आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याचे सांगतात. ‘एका कांस्यपदकाचे एवढे कौतुक कशाला?’ असे विचारणारांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, देशाला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली लिअँडर पेसने मिळवून दिले. मध्ये तब्बल ४४ वर्षे गेली. महाराष्ट्राला तर २०२४ साली स्वप्नील कुसाळेपर्यंत ७२ वर्षे वाट पाहावी लागली. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. योगेश्वर दत्तने २०१२ साली आणि साक्षी मलिकने २०१६ साली कुस्तीतच कांस्यपदक मिळविले. दोघांनाही पुढच्याच वर्षी पद्मश्री लाभली. तो गौरव सर्वथैव योग्य होता. मग तोच खेळ, तेच पदक आणि तेही सर्वांत आधी मिळविणाऱ्याच्या बाबतीत कसोटी का बदलावी?

यावर उत्तर मिळते ते नियमाचे. पद्म पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. नियम खरा, परंतु हे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले आणि खाशाबांचे अपघाती निधन झाले ते १९८४ च्या ऑगस्टमध्ये. मधली जी थोडी वर्षे पुरस्कार बंद होते ती वगळली, तरी पाव शतकाहून अधिक काळ शासनाच्या हाती होता. पोलीस खात्यात इमानेइतबारे चाकरी करणारा हा ऑलिंपिकवीर त्या काळात कोणाच्या नजरेस पडला नाही. अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. उशीर करायचा शासनाने आणि उशीर झाला म्हणून नाकारायचे खेळाडूला, हा कोठला न्याय? विलंब ज्याचा, त्यालाच त्या विलंबाचा आधार घेता येत नाही.

शिवाय मरणोत्तर गौरवाची वाट या देशाला अपरिचित नाही. बाबासाहेब आंबेडकरांना १९९० साली, तर कर्पूरी ठाकूर यांना २०२४ साली, निधनानंतर ३६ वर्षांनी, भारतरत्न देण्यात आले. अमेरिकेत जॉश गिब्सन या बेसबॉलपटूला कृष्णवर्णीय म्हणून प्रमुख स्पर्धांची दारे बंद होती. तो १९४७ साली वारला. १९७२ साली त्या खेळाच्या गौरवमंदिरात त्याला सन्मानाने स्थान देण्यात आले. चूक सुधारल्याने त्या मंदिराची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

अशाने मागण्यांची रीघ लागेल, ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच दंडक कडक असावा. ज्याचा पराक्रम देशात पहिला, आणि पुरस्कार अस्तित्वात असून ज्याला हयातीत डावलले गेले, त्याचाच विचार व्हावा. या चाळणीतून फारच थोडी नावे उतरतील आणि त्यांत खाशाबांचे नाव अग्रभागी असेल.

महाराष्ट्राने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला, हे उचित झाले. परंतु त्या दिवशी शाळेतील मुलाने ‘गुरुजी, यांना पद्म पुरस्कार कधी मिळाला?’ असे विचारले, तर गुरुजींनी काय सांगावे? खाशाबांना आता सन्मानाची गरज उरलेली नाही; ती आज तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांना आहे. फडावर निकाल अडला तर प्रेक्षक पंचाला जाब विचारतात. हा निकाल १९५२ पासून अडला आहे.