पाठांतर नव्हे, मांडणी

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आमच्या वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. पुठ्ठे, थर्माकोल, वायरी, रंगीत कागद यांचा पसारा पडतो आणि मुलांच्या उत्साहाला उधाण येते. त्या धावपळीत एक गोष्ट मात्र दरवर्षी अखेरच्या दिवसावर ढकलली जाते. परीक्षकांसमोर बोलायचे काय, आणि कसे? मग आम्ही शिक्षक घाईघाईने एक पान मजकूर लिहून देतो, विद्यार्थी तो रात्रभर पाठ करतो आणि सकाळी गाडीत बसतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एका पानाविषयी लिहावे असे वाटले. आपल्या मुलांचे खरे नुकसान प्रयोगाच्या टेबलावर होत नाही, ते या पानामुळे होते, अशी आमची खात्री झाली आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थिनीने बोअरचे, विहिरीचे आणि नळाचे पाणी घेऊन एक साधा प्रयोग केला होता. तीन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घ्यायचे, त्यात साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून टाकायचे, बाटली हलवायची आणि टिकणारा फेस येण्यास कोणत्या पाण्याला किती थेंब लागतात ते वहीत लिहायचे. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर का शिजत नाही, हा तिच्या आईचा प्रश्न होता. त्यातूनच प्रयोग जन्मला होता. आम्ही लिहून दिलेल्या मजकुराची सुरुवात मात्र ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी होती. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार होते, दुष्फेन पाण्याची व्याख्या होती. डाळीचा उल्लेखही नव्हता. परीक्षकांनी मध्येच थांबवून विचारले, “बाटली प्रत्येक वेळी सारखीच हलवली होती का?” मुलीने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि मजकूर पुन्हा पहिल्या वाक्यापासून म्हणण्यास सुरुवात केली. वास्तविक उत्तर तिच्याजवळ होते. वीस अंक मोजेपर्यंत बाटली हलवायची, हा नियम तिनेच घातला होता. पण ते उत्तर आमच्या पानात नव्हते, म्हणून तिला ते बोलण्याजोगे वाटले नाही. हा दोष तिचा नव्हता, आमचा होता.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. अशा वेळी आम्हाला एका फळ्याची आठवण होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमराव नावाच्या विद्यार्थ्यास गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळू नयेत म्हणून सवर्ण मुलांनी ते उचलण्यासाठी एकच धाव घेतली. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग नोंदविला आहे. चारचौघांसमोर उभे राहून आपले ज्ञान मांडणे ही गोष्ट ज्यांना सहज मिळाली, त्यांना तिचे मोल कळणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना फळ्यापर्यंत जाण्यासाठी अपमानाचा उंबरठा ओलांडावा लागला, त्यांच्यासाठी मांडणी हे केवळ कौशल्य नाही, तो मिळवलेला हक्क आहे. त्या हक्काच्या जागी दुसऱ्याने लिहिलेले पान ठेवणे आम्हाला म्हणूनच सलते.

त्याच विद्यार्थ्याने पुढे शास्त्रीय मांडणीचा जो आदर्श घालून दिला, तो आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. पण त्याची पद्धत फारशी शिकवीत नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्रोते परके होते आणि विषय त्यांना अपरिचित होता. अशा श्रोत्यांसमोर त्यांनी काय केले, ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे.

प्रारंभी ते श्रोत्यांच्या अनुभवातील गोष्ट काढतात. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहिलेली असतात. मानवी संस्थांचेही तसेच प्रदर्शन मांडता येईल, असे सुचवून ते विषयात शिरतात. आमच्या मुलांच्या प्रदर्शनाशी या आरंभाचे नाते किती जवळचे आहे! नंतर ते मर्यादा आखून घेतात. जातीचा प्रश्न विशाल आहे, त्यातील उगम, यंत्रणा आणि प्रसार एवढेच आपण घेणार, हे ते आधीच स्पष्ट करतात. मग सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या पूर्वसूरींच्या व्याख्या ते मांडतात, त्यांतील ग्राह्य ते स्वीकारतात आणि उणीव दाखवितात. त्यानंतरच ते आपला मुद्दा ठेवतात : आपल्याच गटात विवाह करण्याचे बंधन हा जातीचा गाभा आहे.

हा मुद्दा ते एखाद्या गणितासारखा सोडवितात. बंद गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. पती किंवा पत्नी मेली की उरलेली व्यक्ती ‘जास्तीची’ ठरते. या जास्तीच्या माणसाचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींकडे ते या प्रश्नाची उत्तरे म्हणून पाहतात. ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून ‘असे आहे तर!’ म्हणावेसे वाटते. शेवटी, आपले म्हणणे हा अंतिम शब्द नव्हे आणि ते टिकणारे नाही असे दिसल्यास आपण ते सोडून देऊ, असेही ते नम्रपणे सांगतात. विज्ञानाच्या क्षेत्रात भावनेला थारा नसावा, ही त्यांची भूमिका आहे. ज्या व्यवस्थेने त्यांना फळ्याजवळ अपमानित केले, तिच्याविषयी बोलताना स्वतःच्या अपमानाची एकही कहाणी त्या निबंधात नाही. पुराव्याने जे सिद्ध होते, त्याला आक्रोशाची जोड लागत नाही.

येथे आम्हाला आपल्याच घराविषयी थोडे कटू बोलावे लागेल. आपल्या चळवळीने वक्तृत्वाची मोठी परंपरा निर्माण केली. मुक्यांना वाचा मिळावी म्हणून १९२० साली ‘मूकनायक’ निघाला. त्या वाचेचा आम्हाला अभिमान आहे. परंतु वक्तृत्व स्पर्धेची सवय आम्ही नकळत विज्ञानाच्या मंचावरही नेली. आवाज चढविणे, हात उंचावणे, टाळीचे वाक्य पेरणे, हे सभेत शोभते. प्रयोगाच्या मांडणीत टाळीपेक्षा प्रश्न मोलाचा असतो. श्रोत्याने प्रश्न विचारला म्हणजे त्याला समजले आणि त्याने विचार केला. बाबासाहेबांनी औरंगाबादेतील आपल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले, ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. तो राजा भदंत नागसेनांकडे वारंवार दाखला मागतो आणि नागसेन रथाच्या चाकाने, आसाने, दांडीने त्याला समजावून देतात; राजा रथात बसूनच आलेला असतो. श्रोत्याच्या जवळची वस्तू उचलून तिच्यातून तत्त्व दाखविणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

बोलण्याची कला जन्मतः मिळते, हाही एक गैरसमज आहे. मायकेल फॅरडे हे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत ते विज्ञानाकडे वळले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील त्यांच्या व्याख्यानांना मुले आणि मोठी माणसे गर्दी करीत. साध्या मेणबत्तीवर त्यांनी दिलेली व्याख्यानमाला आजही वाचली जाते. याच फॅरडे यांनी वक्तृत्वाचे रीतसर धडे घेतले होते आणि बोलण्याचा वेग वाढू नये म्हणून ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड ते समोर ठेवीत. तेवढी मेहनत त्यांना लाजिरवाणी वाटली नाही, तर आमच्या मुलांना का वाटावी?

कोणी म्हणेल, बक्षिसे तर दिव्यांनी लखलखणाऱ्या, विकत आणलेल्या प्रतिकृतींनाच मिळतात; प्रामाणिक मांडणी करून काय साधणार? ही तक्रार अगदी खोटी नाही. परंतु वसतिगृहातील मूल उद्या मुलाखतीला बसेल, कार्यालयात अहवाल मांडेल, ग्रामसभेत पाण्याच्या टाकीविषयी प्रश्न विचारील. तेथे प्रतिकृती बरोबर नेता येत नाही. ‘हे मी मोजले, असे मोजले, एवढे आढळले आणि एवढे मला अजून माहीत नाही’ ही चार वाक्ये जो शांतपणे बोलू शकतो, त्याला सहजासहजी कोणी गप्प करू शकत नाही.

भाषेविषयीही एक शब्द. आमची मुले घरची बोली घेऊन येतात. ‘आधी शुद्ध बोल’ असे एका ठिकाणी आमच्या विद्यार्थ्याला सुनावले गेले. त्यानंतर तो बोललाच नाही. प्रमाण मराठी आणि इंग्रजी त्याला आलीच पाहिजे. ती शिकविणे आमचे कर्तव्य आहे. परंतु विचार आधी त्याच्या स्वतःच्या वाक्यात उभा राहू द्यावा. शब्द मागाहून घासता येतात.

म्हणून तीर्थपुरीच्या या आवारात एक साधा पायंडा पडावा, अशी आमची सूचना आहे. दर शनिवारी एका विद्यार्थ्याने दहा मिनिटे आपला प्रयोग किंवा निरीक्षण मांडावे. हातात कागद असल्यास त्यावर केवळ मुद्दे आणि मोजमापाचा तक्ता असावा. श्रोते खालच्या वर्गातील असावेत, कारण पाचवीच्या मुलाला समजले तर परीक्षकालाही समजेल. दहा मिनिटांनंतर तेवढाच वेळ प्रश्नांना द्यावा आणि ‘माहीत नाही, पाहून सांगतो’ या उत्तराचे गुण कापू नयेत. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे, आणि लिहून देण्याचा मोह आवरावा.

त्या विद्यार्थिनीला आम्ही परतीच्या गाडीत विचारले होते, बाटली किती वेळ हलवलीस? “वीस मोजेपर्यंत, सर,” ती म्हणाली, “आणि माझी मैत्रीण मोजत होती, म्हणजे माझ्याकडून चूक व्हायला नको.” त्या दिवसाची सर्वांत चांगली शास्त्रीय मांडणी तीच होती. ती ऐकायला गाडीत केवळ आम्ही होतो. पुढच्या वेळी ती सभागृहात ऐकू यावी, एवढीच आमची इच्छा आहे.